न झालेल्या गोलांचा हिशोब

३१ मार्च २०१९. लिव्हरपूल आणि टॉटनम या इंग्लिश फुटबॉल क्लबांचा सामना १-१ असा अडकलेला, जेमतेम पाच मिनिटं उरलेली. टॉटनमचे दोन खेळाडू मोकळ्या मैदानातून चेंडू घेऊन सुसाट निघालेत आणि त्यांच्या वाटेत एकच बचावपटू उभा आहे, लिव्हरपूलचा व्हर्जिल व्हॅन डाइक. चेंडू मुसा सिसोकोच्या पायात. बाजूनं धावतोय सोन ह्युंग-मिन, दोन्ही पायांनी गोल मारणारा.

व्हॅन डाइक चेंडू हिसकावायला गेलाच नाही. तो दोघांच्या मधल्या रेषेत राहून मागे मागे सरकत राहिला आणि सोनकडे जाणारी पासची वाट त्यानं बंद करून टाकली. गोल मारणं हा सिसोकोचा हातखंडा नव्हता, त्यात फटका डाव्या, म्हणजे त्याच्या कच्च्या पायानं मारावा लागणार होता. व्हॅन डाइकनं त्याला जणू सांगितलं, मार बाबा तूच. सिसोकोनं मारला आणि चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून निघून गेला. नोंदवहीत या प्रसंगाची नोंद इतकीच: सिसोकोचा नेम चुकला.

काही मिनिटांनी दुसऱ्या टोकाला लिव्हरपूलच्या सालाहनं डोक्यानं मारलेला चेंडू टॉटनमचा गोलरक्षक योरिसच्या हातून निसटला, त्याचाच सहकारी टोबी आल्डरवायरेल्डला लागला आणि गोलात गेला. आल्डरवायरेल्डही बचावपटू, आणि चांगल्यापैकी बचावपटू. पण त्या दिवसाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे 'स्वयंगोल', म्हणजे आपल्याच जाळ्यात गेलेला गोल, लागलं ते कायमचंच.

बचावपटूच्या धंद्याचं गणित या पाच मिनिटांत मावतं. त्याचं चांगलं काम म्हणजे न घडलेली गोष्ट, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद होत नाही. चूक मात्र नावानिशी लिहिली जाते. व्यावसायिक बचावपटूला संधी उशिरा का मिळते, त्याचा भाव उशिरा का चढतो, तो पस्तिशीतही कसा टिकतो, या प्रश्नांची उत्तरं बरीचशी या एका विसंगतीतच सापडतात.

आधी थोडी ओळख करून घेऊ. बचावफळीत साधारण चार जण असतात. मधले दोन सेंटर बॅक, कडेचे दोन फुल बॅक. सेंटर बॅकची हद्द लहान, पण तिथली चूक थेट जाळ्यात जाते. फुल बॅक कडेनं सतत वरखाली पळतो, आणि हल्ली निम्मं आक्रमण त्याच्यापासूनच सुरू होतं. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड या फुल बॅकनं २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेत, सहकाऱ्यांच्या १२ गोलांसाठी शेवटचा पास दिला होता. उलट बाजूला लिलियन थुराम. फ्रान्सकडून १४२ सामने, गोल दोन. तेही एकाच सामन्यात, १९९८ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत क्रोएशियाविरुद्ध. फ्रान्सनं तो सामना २-१ असा जिंकला. बाकीच्या १४१ सामन्यांत थुरामनं काय केलं हे आकड्यांना विचारून कळणार नाही.

बचावपटू होत नाही, केला जातो

लहान मुलांच्या कुठल्याही संघात कोणाला कुठे खेळायचंय असं विचारा. सगळे हात पुढच्या फळीसाठी वर होतील. मागे उभं राहायची हौस क्वचितच कोणाला असते. त्यामुळे बरेच बचावपटू मुळात दुसरंच काहीतरी असतात. अलेक्झांडर-आर्नोल्ड अकादमीत, म्हणजे पोरांना घडवणाऱ्या क्लबच्या शाळेत, मधल्या फळीत खेळायचा. अल्फान्सो डेव्हिस आघाडीच्या कडेला खेळणारा. बायर्न म्युनिकमध्ये २०१९ साली बचावपटू जायबंदी झाले म्हणून त्याला डावा फुल बॅक केलं आणि तो तिथलाच झाला. हाविएर मास्चेरानो मधल्या फळीतला नावाजलेला खेळाडू होता, बार्सिलोनानं त्याला सेंटर बॅक बनवलं.

मग प्रशिक्षक मुलात बघतात काय? उंची, हे पहिलं उत्तर, आणि ते अर्धंच खरं आहे. हवेतल्या चेंडूसाठी उंची लागते हे मान्य. पण २००६ साली इटलीला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार फाबिओ कान्नावारो पावणेसहा फुटांच्या आसपास होता, सेंटर बॅकच्या मानानं बुटकाच. त्याच वर्षी त्याला बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला. त्याच्या आधी हा मान फ्रान्झ बेकेनबाउर आणि मथियास झामर या दोनच बचावपटूंना मिळाला होता. उंचीपेक्षा जास्त सांगून जाते ती मुलाची मान. चेंडू पलीकडच्या टोकाला असताना तो चेंडूकडेच टक लावून बघतोय की मान वळवून आपल्या पाठीमागे कोण सरकतंय याचा अंदाज घेतोय? दुसऱ्या प्रकारचा मुलगा बचावपटू होऊ शकतो. पहिल्या प्रकारच्या मुलाला हे शिकवता येतं, पण फार घाम गाळावा लागतो.

संधीचं दार का उघडत नाही

अकादमीतून वर आलेल्या अठरा वर्षांच्या आघाडीपटूला प्रशिक्षक शेवटची दहा मिनिटं देऊन बघतो. बिघडलं तर काय, गोल झाला नाही एवढंच. बचावपटूला अशी चव घेऊ देता येत नाही. सामना चालू असताना बचावफळीला शक्यतो कोणी हात लावत नाही. चौघांची घडी बसलेली असते आणि नवख्याची एक चूक म्हणजे एक गोल. त्यामुळे तरुण बचावपटू कोणाच्या तरी दुखापतीची वाट बघत बाकावर बसून राहतो. वाईट वाटतं ऐकायला, पण या पेशात पहिली संधी बहुधा अशीच येते.

यावरचा उपाय म्हणजे उसनवारी, मैदानावरच्या भाषेत 'लोन'. मोठा क्लब आपल्या पोराला खालच्या विभागातल्या क्लबकडे एक हंगाम खेळायला पाठवतो. तिथे चिखल असतो, धसमुसळे आघाडीपटू असतात, आणि खाली घसरायचं नाही म्हणून जिवाच्या आकांतानं खेळणारा संघ असतो. अकादमीच्या गुळगुळीत मैदानावर न शिकलेल्या गोष्टी पोरगा तिथे शिकतो.

काहींना अकादमीची पायरीही लाभत नाही. इंग्लंडकडून ७८ सामने खेळलेला स्टुअर्ट पीअर्स एकविसाव्या वर्षापर्यंत वील्डस्टोन या व्यावसायिक लीगबाहेरच्या क्लबकडून खेळत होता आणि पोटापाण्यासाठी वायरमनचं काम करत होता. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मोठ्या क्लबमध्ये गेल्यावरही सामन्याच्या पत्रिकेत त्याच्या वायरिंगच्या कामाची जाहिरात छापून यायची. व्हॅन डाइकची वाटही लांबचीच: ग्रोनिंगन, मग सेल्टिक, मग साउथॅम्प्टन, आणि लिव्हरपूल गाठेपर्यंत वय २६. या वयात एखाद्या आघाडीपटूची चार वेळा विक्री होऊन गेलेली असते.

करार आणि किंमत

फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार खेळाडूचा करार साधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. १८ वर्षांखालच्या मुलाचा ३ वर्षांचा. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला खेळाडू हवा असेल तर आधीच्या क्लबला पैसे मोजावे लागतात. हेच ते हस्तांतर शुल्क. ते खेळाडूचा पगार नव्हे, क्लबनं क्लबला दिलेली रक्कम असते. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर या रकमेतले ५ टक्के त्याच्या १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. छोट्या क्लबांना हा वाटा वरदान ठरतो.

करार संपला की खेळाडू मोकळा. हे आज साधं वाटतं, पण युरोपात १९९५ पर्यंत करार संपलेल्या खेळाडूसाठीही पैसे मागितले जात. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या खेळाडूनं खटला लढवला आणि युरोपीय न्यायालयानं १५ डिसेंबर १९९५ रोजी ही पद्धत बंद पाडली. त्याचा लखलखीत फायदा घेणारा बचावपटू म्हणजे सोल कॅम्पबेल. टॉटनमचा कर्णधार असलेला हा सेंटर बॅक २००१ साली करार संपताच कट्टर वैरी आर्सेनलकडे गेला. टॉटनमच्या हाती एक पौंडही आला नाही. टॉटनमच्या चाहत्यांनी त्याला अजून माफ केलेलं नाही.

बचावपटूचा भाव मात्र पुष्कळ काळ पडेलच होता. व्हॅन डाइकसाठी लिव्हरपूलनं जानेवारी २०१८ मध्ये साडेसात कोटी पौंड मोजले तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली, कारण बचावपटूसाठी जगात कोणी इतके पैसे दिले नव्हते. त्याच्या काही महिने आधी नेमार हा आघाडीपटू २२ कोटी २० लाख युरोंना विकला गेला होता. पुढच्याच वर्षी हॅरी मॅग्वायरच्या ८ कोटी पौंडांनी व्हॅन डाइकचा विक्रम मोडला. दर वर चढले खरे, पण न झालेल्या गोलाची किंमत ठरवताना क्लबांचा हात अजूनही आखडतो. मला यात फारसं नवल वाटत नाही. टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू हिसकावणं, मोजता येतात, पण फार टॅकल करावे लागणारा बचावपटू बऱ्याचदा चुकीच्या जागी उभा राहिलेला असतो. मग मोजायचं काय?

एकाच कारकिर्दीत चार वेळा शिकणं

बचावपटूच्या कलेवर सर्वांत मोठा हात असतो नियम बनवणाऱ्यांचा. प्रेक्षकांना गोल हवेत, त्यामुळे नियम बदलला की तो बहुधा बचावपटूच्या विरोधातच बदलतो.

पाओलो माल्दिनी हे याचं उत्तम उदाहरण. इटलीतल्या मिलान क्लबकडून तो पहिल्यांदा २० जानेवारी १९८५ रोजी खेळला, वय १६. शेवटचा सामना २००९ मध्ये. पंचवीस हंगाम, एकच क्लब, ९०२ सामने. मूळचा उजव्या पायाचा खेळाडू, पण उभा राहिला डाव्या बाजूला.

तो आला तेव्हा इटलीत माणसाला माणूस चिकटवायची रीत होती: तू त्याच्यामागे, तो जाईल तिथे. मागे एक मोकळा बचावपटू, लिबेरो, निसटलेलं सगळं गोळा करायला. मग अरिगो साक्की हे प्रशिक्षक आले आणि त्यांनी माणसाऐवजी जागा राखायला शिकवली. चौघांनी एका रेषेत राहायचं, एकाच क्षणी पुढे सरकायचं आणि समोरच्या आघाडीपटूला ऑफसाइडमध्ये पकडायचं. ऑफसाइड म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. सहकारी चेंडू पुढे खेळवतो त्या क्षणी, विरोधी अर्ध्या मैदानात, तुम्ही चेंडूच्याही पुढे आहात आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे, तर ती जागा ऑफसाइडची. शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून शेवटून दुसरा म्हणजे बचावफळीची रेषा. चौघांतला एक जरी अर्धा सेकंद मागे रेंगाळला तर सापळा फुकट.

१९९० मध्ये नियम थोडा सैल झाला. बचावपटूच्या बरोबरीच्या रेषेत असलेला आघाडीपटू तोवर ऑफसाइड धरला जायचा, यापुढे नाही. १९९२ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घ्यायला बंदी झाली. तोपर्यंत अडचणीत सापडलेला बचावपटू चेंडू मागे ढकलायचा, गोलरक्षक तो उचलायचा आणि सगळे निवांत. एका रात्रीत ही पळवाट बंद झाली आणि दबावाखाली चेंडू पायाशी ठेवता न येणारे कित्येक धिप्पाड बचावपटू उघडे पडले. १९९८ पासून प्रतिस्पर्ध्याला इजा होईल असं मागून टॅकल केलं की थेट लाल कार्ड. माल्दिनी या सगळ्यातून गेला, दर वेळी नव्यानं शिकला.

त्याच्यानंतरही बदल चालूच राहिले. २०१९ पासून गोल किकचा, म्हणजे गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करताना मारलेला, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेर) जाण्याची अट उरली नाही, त्यामुळे सेंटर बॅक आपल्याच गोलसमोर चेंडू घेऊन खेळाची सुरुवात करताना दिसतो. एक बदल तेवढा बचावपटूच्या बाजूनं झाला. पेनल्टी क्षेत्रात गोलची स्पष्ट संधी हाणून पाडली की पूर्वी पेनल्टी आणि लाल कार्ड दोन्ही बसायचं. २०१६ पासून, चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न असेल तर, पेनल्टीसोबत पिवळ्या कार्डावर भागतं.

चांगली बचावफळी म्हणजे चार चांगले बचावपटू, असं मात्र नाही. २००४-०५ मध्ये चेल्सीनं ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. त्यात जॉन टेरी आणि रिकार्डो कार्व्हाल्हो यांची जोडी होती, एक अंगावर जाणारा, एक मागे राहून वाचणारा. मागे गोलरक्षक पीटर चेक. जोडीतल्या दोघांनी नव्वद मिनिटं एकमेकांशी बोलत राहावं लागतं: 'माणूस मागे', 'सोड', 'वर चला'. म्हणून परदेशी गेलेल्या बचावपटूला भाषा लवकर शिकावी लागते. आघाडीपटूचं मुक्यानंही भागू शकतं.

चुकीचं ओझं आणि शरीराचा जमाखर्च

कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून १९९४ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. २ जुलै १९९४ रोजी, दहा दिवसांनी, मायदेशी त्याची गोळ्या घालून हत्या झाली. हे टोक झालं. पण रोजचं ओझंही काही हलकं नसतं. २०१४ चा विश्वविजेता जर्मन सेंटर बॅक पेर मेर्टेसाकर यानं २०१८ मध्ये एका मुलाखतीत उघड सांगितलं की सामना सुरू होण्याआधी त्याला मळमळायचं, पोट बिघडायचं. तेव्हा त्याच्यावर टीकाही झाली: एवढे पैसे घेता आणि वर तक्रार! मला ती टीका पोरकट वाटली. पगारानं पोट शांत होत नाही.

शरीराचा हिशोब तर सरळ आहे. एकदम थांबणं, गर्रकन वळणं, उडी मारून एका पायावर उतरणं हेच काम असल्यामुळे गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटण्याची धास्ती कायम. व्हॅन डाइकचा हा अस्थिबंध ऑक्टोबर २०२० मध्ये दुखावला आणि उरलेला सगळा हंगाम गेला. इंग्लंडच्या महिला संघाची कर्णधार, सेंटर बॅक लिआ विल्यमसन हिचा एप्रिल २०२३ मध्ये फाटला. त्या वर्षीचा विश्वचषक हुकला, पण २०२५ चा युरो चषक तिनंच उचलला.

डोक्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे, आणि तो कारकीर्द संपल्यावर कित्येक वर्षांनी समोर येतो. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. मेंदूच्या ऱ्हासाचे आजार त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा बरेच जास्त आढळले. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार आकडे मांडले: गोलरक्षकांना फारसा वाढीव धोका नाही, बचावपटूंना मात्र सुमारे पाचपट. हेडर, म्हणजे डोक्यानं मारलेले फटके, सर्वांत जास्त कोण मारतं हे लक्षात घेतलं की बोट कुठे जातं ते उघड आहे, जरी केवळ अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नसलं तरी. इंग्लंडमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहापुरतेच ठेवावेत अशी सूचना आली.

उतरत्या वयातली चढती किंमत

वेग तिशीनंतर कमी होतो, पण अंदाज पिकत जातो. सेंटर बॅकला वेगाची गरज मुख्यतः अंदाज चुकल्यावर पडते, म्हणून त्याचं वय इतरांपेक्षा उशिरा दिसतं. २००७ साली माल्दिनी ३८ व्या वर्षी कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना जिंकला. जॉर्जियो किएल्लिनीनं छत्तिसाव्या वर्षी इटलीला युरो चषक मिळवून दिला. फुल बॅकचं असं नसतं. त्याचं पोट पळण्यावर. म्हणून शहाणे फुल बॅक वय वाढलं की मध्ये सरकतात, माल्दिनी सरकला तसे. फिलिप लामनं तो रस्ता न धरता २०१७ मध्ये, करार शिल्लक असताना, ३३ व्या वर्षी सरळ बूट काढून ठेवले.

क्लबांचे अंदाजही चुकतात. घोट्यामागच्या शिरेच्या दुखापतीनंतर याप स्टामचा वेग गेला असं मानून अॅलेक्स फर्ग्युसन यांनी २००१ मध्ये त्याला मँचेस्टर युनायटेडमधून लात्सिओला विकलं. तो २००५ मध्ये मिलानकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला. ती विक्री आपली चूक होती, हे फर्ग्युसन यांनी नंतर कबूल केलं.

खेळणं थांबल्यावर काहींना मागे उभं राहून अख्खं मैदान वाचायची सवय कामी येते. बेकेनबाउरनं विश्वचषक कर्णधार म्हणून जिंकला आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही. व्हिन्सेंट कोम्पनी २०२४ मध्ये बायर्नचा प्रशिक्षक झाला. किएल्लिनीनं खेळता खेळताच व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन ठेवली होती. ही अर्थात वरच्या पायरीवरची नावं. खालच्या विभागांत पंधरा वर्षं हेडर मारणाऱ्याच्या हाती तिशीच्या मध्यावर दुखरे गुडघे आणि नवी नोकरी शोधण्याचं काम एवढंच उरतं, आणि अशांची संख्या फार मोठी आहे.

माल्दिनी निवृत्त झाला तेव्हा मिलाननं त्याची ३ क्रमांकाची जर्सी बाजूला काढून ठेवली. त्याचे वडील चेझारे हेही मिलानचे बचावपटू आणि कर्णधार. १९६३ चा युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीगचं आधीचं रूप, त्यांनी उचलला होता. क्लबनं अट अशी घातली की ती जर्सी पाओलोच्या मुलांपैकी कोणी मिलानच्या मुख्य संघात आला तरच पुन्हा बाहेर निघेल. थोरला क्रिस्तियान बचावपटू झाला, पण मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. धाकटा दानिएल पोहोचला, फेब्रुवारी २०२० मध्ये मिलानकडून पहिला सामना खेळला. तो बचावपटू नाही, आक्रमक खेळाडू आहे. त्यानं २७ क्रमांक घेतला.